पाचवी खाच

मनोरीच्या आनंदबेट पार्कचं फाटक दहाला उघडतं, पण आतल्या राइड्स साडेआठपासूनच फिरत असतात. माणूस एकही बसलेला नसतो. याला तिथे रिकामी फेरी म्हणतात. एकूण अकरा राइड्स, आणि प्रत्येकीच्या तीन रिकाम्या फेऱ्या झाल्याशिवाय तिकीट खिडकी उघडायची नाही, असा नियम. अंबादास खिल्लारे गेली चौदा वर्षं ही रिकामी फेरी घेत होता. मालवणीच्या घरातून साडेसातला निघायचं, मार्वे जेट्टीवरून बोटीने खाडी ओलांडायची, पलीकडे बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या बाजूने चालत पार्कात शिरायचं, हजेरी लावून किल्ल्यांचा जुडगा घ्यायचा. चौदा वर्षांत त्याच्या देखरेखीखाली एकाही मुलाला साधं खरचटलंही नव्हतं. ही गोष्ट तो स्वतःहून कधी सांगत नसे. बाकीचे सांगायचे.

रिकाम्या फेरीच्या वेळी त्याच्याशिवाय तिथे फक्त कृष्णाबाई असायची. मनोरी कोळीवाड्यातली, साठीच्या पुढची. खाऱ्या हवेने रात्रीतून सगळ्या सीटांवर चिकट थर बसतो. बादली आणि फडकं घेऊन ती तो पुसायची.

सगळ्यात शेवटची राइड सुरवंट. सहा डबे, हिरवं तोंड, पिवळ्या दोन मिशा, त्यातली एक तुटकी. रुळाचे चार उंचवटे, सगळ्यात मोठा माणसाच्या उंचीचा. प्रत्येक डब्यात मांडीवर येणारा एक लोखंडी बार. तो खाली ओढला की बाजूच्या दातेरी पट्टीच्या नऊ खाचांवरून टकटक करत उतरतो आणि मांडीला टेकेल तिथल्या खाचेत अडकतो. डबा रिकामा असेल तर थेट नवव्या खाचेपर्यंत जातो. फेरी संपली की ऑपरेटरने पेडल दाबायचं, सगळे बार स्प्रिंगने वर उठतात. राइडच्या पुस्तिकेत तक्ता आहे. आठव्या खाचेला बार थांबला तर मूल नव्वद सेंटिमीटरच्या आतलं, त्याला बसवू नये. सातवी, सहावी, पाचवी ठीक. चौथ्या खाचेला थांबला तर मूल एकशेवीसच्या वर गेलं, त्याला मोठ्या राइडकडे पाठवावं.

रिकाम्या फेरीत अंबादास सहाही बार हाताने ओढायचा. पहिले पाच नवव्या खाचेला जायचे. शेवटच्या डब्यातला पाचव्या खाचेला थांबायचा.

हे दोन वर्षं चाललं होतं.

पहिल्यांदा झालं तेव्हा त्याने मेकॅनिकला बोलावलं होतं. मेकॅनिकने स्प्रिंग बदलली, मग दातेरी पट्टी बदलली, मग सबंध बारच नवा टाकला. दुपारी, मुलं बसलेली असताना, बार व्यवस्थित चालायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाचवी खाच. त्यानंतर अंबादासने मेकॅनिकला बोलावलं नाही. तपासणीच्या रजिस्टरात त्याने 'ठीक' असं लिहिलं, आणि पुढे रोज तेच लिहीत गेला.

यंदा जानेवारीत मालकांनी पार्ल्याच्या नमिता करंदीकर यांना बोलावलं. कुठल्या पार्कात कुठल्या राइड्स असाव्यात, किती मोठ्यांसाठी, किती लहानांसाठी, काय काढावं, काय आणावं, हे ठरवून देणं हा त्यांचा व्यवसाय. पस्तिशीच्या, डोक्यावर टोपी, पाठीला सॅक, हातात मुलांची डोकी मोजायचं टिकटिक यंत्र. आठ दिवस त्या उन्हात बसून मोजत होत्या.

पार्कचा मॅनेजर विपुल मात्र आधीच सगळं ठरवून बसला होता.

"पब्लिकला थ्रिल पाहिजे, मॅडम. वादळ राइडला बघा, रविवारी पाऊण तास लाइन. आणि हा सुरवंट? अर्धे डबे खाली. हा उचलायचा, तिथे दोन झकास मोठ्या राइड्स टाकायच्या. काय अंबादासभाऊ?"

"सुरवंट राहू दे," अंबादास म्हणाला.

"का पण?"

"लहान मुलं कुठे जातील?"

"लहान मुलं मोठी होतात, भाऊ!" विपुल हसला. "तुम्ही काय त्या सुरवंटाशी लग्न लावलंय का?"

अंबादास हसला नाही. नमिताने त्याच्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

विपुल नवा होता, त्याला माहीत नव्हतं. कृष्णाबाईला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पार्कने कामगारांच्या घरच्यांसाठी एक दिवस ठेवला होता. अंबादासची बायको शकू आणि मुलगी श्रुतिका आल्या होत्या. श्रुतिका नऊ वर्षांची. तिला फक्त वादळमध्ये बसायचं होतं. वादळ ही पार्कची सगळ्यात मोठी राइड, चार मजली उंचावरून खाली झेपावणारी. श्रुतिका पहिलीत होती तेव्हापासून बाप तिला सांगत आला होता, एकशेवीस झालीस की बस. त्या दिवशी ती रांगेत चाळीस मिनिटं उभी राहिली. पुढे पोचली तेव्हा उंचीच्या पट्टीजवळ अंबादास स्वतः उभा होता. त्याने तिच्या डोक्यावर तळहात आडवा धरला आणि आकडा वाचला. एकशे अठरा.

"पप्पा, दोनच कमी आहेत."

"दोन म्हणजे दोन."

"आई म्हणाली मी झाले एकशेवीस."

"पट्टी काय म्हणते ते बघ. पुढच्या वेळी."

मागच्या मुलांनी हसायला सुरुवात केली होती. ती रांगेतून उलटी निघाली, सगळ्यांच्या मधून. नंतर रुसून सुरवंटाच्या शेवटच्या डब्यात जाऊन बसली. गुडघे वर आले होते. बार पाचव्या खाचेला अडकला, तो अंबादासनेच ओढला होता. चार उंचवट्यांवरून ती फिरून आली आणि त्याच्याकडे न बघता उतरली.

ऑगस्टमध्ये तिला ताप आला. चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी अंबादास रुग्णालयातून घरी आला तेव्हा त्याच्या हातात तिची चप्पल होती.

बारा दिवसांनी तो कामावर परतला, त्या पहिल्याच रिकाम्या फेरीत बार पाचव्या खाचेला थांबला.

तो भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. त्याच्या घरात देवाचा फोटोही नव्हता, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा होता. त्याला कसली चाहूल लागली नाही, आवाज आला नाही. फक्त बार थांबायचा, तो किल्ली फिरवायचा, सुरवंट तीन चकरा मारायचा, तो पेडल दाबायचा, बार उठायचा. रोज सकाळी तीन चकरा. रविवारी त्याची सुट्टी असायची, पण तो सुट्टी घेईनासा झाला.

एकदाच त्याने कृष्णाबाईला विचारलं होतं, "तू शेवटचा डबा पुसत नाहीस?"

"पुसते ना. फेरी झाल्यावर," ती म्हणाली. "बसल्या माणसाला उठवून कोण पुसतं, रे?"

त्यापुढे दोघांत तो विषय निघाला नाही.

नमिताच्या मुक्कामाच्या सहाव्या दिवशी ती सकाळी लवकर आली.

"अंबादासदादा, मला रिकामी फेरी बघायचीय."

"त्यात बघण्यासारखं काही नसतं, मॅडम."

"असू दे. मला सुरवंट ठेवावा असंच वाटतंय, पण कारण हवंय. मालकांना आकडे लागतात." ती कठड्याला टेकली. "पार्क म्हणजे शिडी असते, दादा. मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. वाढलं की पुढची पायरी तयार पाहिजे. मधली एक पायरी काढा, त्या उंचीचं मूल दिवसभर आईच्या पर्सला लटकून फिरतं. ते घरचे पुन्हा येत नाहीत. हे मी विपुलला समजावू शकते. पण तुमचं कारण वेगळं आहे. ते काय आहे?"

अंबादासने एकेक बार ओढायला सुरुवात केली. पाच बार नवव्या खाचेला गेले. सहावा थांबला.

"हा अडकतोय," नमिता म्हणाली.

"अडकत नाही."

तिने सॅक खाली ठेवली, डब्याजवळ वाकली, बारवर दोन्ही तळवे ठेवून दाबला. चांगला जोर लावून. मग तिने हात काढून घेतले. आपल्या तळव्यांकडे पाहिलं, पुन्हा एका बोटाने बार हळूच दाबून पाहिला.

लोखंड अडकलं की घट्ट असतं, ते हलत नाही. हा बार थोडा दबत होता. मांडीवर दबावा तसा.

"कोण?" तिने विचारलं. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"माझी मुलगी. वादळसाठी दोन सेंटिमीटर कमी पडली."

नमिताने वही उघडली नाही. तिन्ही चकरा होईपर्यंत ती कठड्याशी उभी राहिली. जाताना डब्याला पाठ न करता चार पावलं मागे सरकत गेली.

त्या दिवशी ती पुन्हा वादळच्या रांगेपाशी बसली. संध्याकाळी पाचला तिने अंबादासला बोलावलं.

"सहा दिवसांत वादळवरून त्रेसष्ट मुलं परत पाठवली तुम्ही. मी प्रत्येकाची उंची लिहिलीय. त्यातली एकोणचाळीस एकशे अठरा ते एकशेवीसमधली. इतकी मुलं नेमकी दोनच सेंटिमीटरने कशी कमी पडतात, दादा?"

"पडतात. नियम म्हणजे नियम."

"नियमाबद्दल नाही बोलत." तिने सॅकमधून स्टीलचा टेप काढला. एक टोक फरशीवर टेकवलं, दुसरं पट्टीच्या एकशेवीसच्या रेघेपर्यंत नेलं. मग अंबादासला बोट ठेवून दाखवलं.

टेपवर एकशे साडेबावीस होते.

"ही पट्टी कोणी बसवली?"

"मी."

"कधी?"

त्याला लगेच आठवलं. चार वर्षांपूर्वी. तेव्हा तिथे जाड रबरी मॅट होती, मुलं घसरू नयेत म्हणून. त्याने मॅटवर टेप ठेवून माप घेतलं होतं, एक मिलिमीटर इकडेतिकडे होऊ दिलं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात मॅट कुजली. ती त्यानेच गुंडाळून कचऱ्यात टाकली. अडीच सेंटिमीटर जाड मॅट. पट्टी भिंतीवर तशीच राहिली.

एकशे अठरा आणि अडीच.

नमिताला हिशेब कळला तेव्हा तिने टेप सोडला. तो सर्रकन आत गेला, त्या आवाजाने ती स्वतःच दचकली.

"दादा, मी हे नसतं दाखवलं तर..."

"नाही. बरं केलंत," अंबादास म्हणाला. तो फरशीकडे बघत होता, मॅट जिथे होती तिथे. "चूक दाखवायलाच हवी."

त्याने स्टोअरमधून स्क्रू ड्रायव्हर आणि ड्रिल आणलं. गिऱ्हाईक निघून गेलं होतं, पण अजून ऊन होतं. सहा स्क्रू काढून त्याने पट्टी उतरवली, नवी भोकं पाडली, अडीच सेंटिमीटर खाली बसवली. टेपने तीनदा तपासलं. जुनी सहा भोकं भिंतीवर उघडी राहिली. ती बुजवायला त्याचा हात उचलेना.

पुढच्या शनिवारी मालकांची बैठक झाली. नमिताने अहवालात लिहिलं होतं: मोठी राइड एकच नवी घ्यावी, तीही मधल्या उंचीसाठी. सुरवंट कोणत्याही परिस्थितीत काढू नये. विपुलने वाद घातला. तिने आकडे समोर टाकले. पंधरा मिनिटांत निर्णय झाला.

"जिंकलात, भाऊ," बाहेर येऊन विपुल म्हणाला. "तुमचा सुरवंट अमर आहे. पेढे आणा आता!"

रविवारी सकाळी अंबादास पंधरा मिनिटं लवकर पोचला आणि आधी सुरवंटाकडेच गेला. वाटेत त्याने स्वतःशी वाक्य जुळवलं होतं. एवढंच सांगायचं होतं की तुझा डबा राहिला, आणि चूक माझी होती. त्याने पाच बार ओढले. मग सहावा.

टक, टक, टक, टक, टक, टक, टक, टक, टक.

नववी खाच.

त्याने पेडल दाबून बार वर घेतला आणि पुन्हा ओढला. नववी. तिसऱ्यांदा ओढला. बार सीटच्या रेक्झिनला जाऊन टेकला, त्याचा कोरडा आवाज आला. डबा रिकामा होता. दोन वर्षांत तो पहिल्यांदा रिकामा होता.

कृष्णाबाई बादली घेऊन उभी होती. ती मान वळवून वादळकडे बघत राहिली.

अंबादास धावला.

वादळला खांद्यावरून येणारे बार असतात, वीस सीटांचे वीस. बटण दाबलं की सगळे एकदम खाली येतात. त्याने बटण दाबलं. एकोणीस बार तळाला गेले. पहिल्या रांगेतल्या डावीकडच्या सीटचा बार वीतभर वर थांबला.

पहिली रांग. तिथूनच सगळं दिसतं, असं ती म्हणायची.

तो सीटजवळ गेला. नियमाप्रमाणे बार दोनदा ओढून पाहिला, पट्टा तपासला. हात काढवेना. बार थोडा दबत होता.

"घट्ट धर," तो म्हणाला.

केबिनमध्ये जाऊन त्याने किल्ली फिरवली. साखळी कडकडत वर निघाली. खाली कृष्णाबाई डोळ्यांवर हात धरून बघत होती. सगळ्यात वर, खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात त्या जागी, गाडी नेहमीप्रमाणे तीन सेकंद थांबली.

मग सुटली.

एक मिनिट चाळीस सेकंद. अंबादासने एकदाही डोळे मिटले नाहीत.

गाडी फलाटावर आली. त्याने पेडल दाबलं. वीसही बार उठले.

त्याने पुन्हा बटण दाबलं. वीसही बार तळाला गेले.

तिसऱ्या फेरीतही वीस.

संध्याकाळी सातला तो घरी पोचला. शकू मशीनवर बसली होती. शाळेचे युनिफॉर्म शिवायचं काम ती घरूनच करायची. त्या मे महिन्यानंतर ती पार्कात कधी गेली नव्हती. सकाळच्या बारबद्दल त्याने तिला दोन वर्षांत एक शब्द सांगितला नव्हता.

तो उंबऱ्याशीच बसला.

"शकू, ती एकशेवीस होती. पट्टी चुकली होती. मी चुकवली होती."

मशीन थांबलं.

"साडेसत्तेचाळीस इंच," शकू म्हणाली. "तिच्या शाळेच्या पिनोसाठी उंची मोजली होती मी आदल्या आठवड्यात. तुम्हाला सांगितलं होतं."

"मी काय म्हणालो?"

"कापडी टेप ताणला जातो म्हणालात. आमची पट्टी स्टीलची आहे म्हणालात."

तिने सुईखालचं कापड सरळ केलं, दोन बोटांनी दुमड दाबली. बाहेर गल्लीत कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. कापडावरून नजर न उचलता तिने विचारलं,

"मग बसवलंत तिला?"

अंबादासने तिच्याकडे पाहिलं.

"हो. आज सकाळी."

"घाबरली का?"

"नाही. नाही वाटत."

"किती वेळा?"

"एकदाच."

शकूने मान हलवली. मग मशीन सुरू केलं आणि ते बाहीच्या टोकापर्यंत थांबवलं नाही. टोकाशी आल्यावर तिने दोन्ही हात कापडावर ठेवले आणि त्यांवर कपाळ टेकलं.

त्यानंतर सकाळच्या फेऱ्या नुसत्या फेऱ्या झाल्या. बारा सकाळी अंबादासने सहावा बार ओढला, बाराही वेळा तो नवव्या खाचेला गेला. रजिस्टरात तो 'ठीक' लिहायचा. आता ते खरं होतं, आणि ते लिहिताना पेन जड व्हायचं. त्याने साप्ताहिक सुट्टी पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

तेराव्या सकाळी तो नेहमीप्रमाणे पहिल्या डब्यापासून सुरू झाला. बार ओढला.

तो आठव्या खाचेला थांबला.

अंबादासने हात काढला. थोड्या वेळाने एका बोटाने बार दाबून पाहिला. अगदी थोडा दबला.

आठवी खाच. नव्वदच्या आतलं. दोन वर्षांचं, फार तर अडीच. असं मूल त्याने चौदा वर्षांत एकदाही बसवलं नव्हतं, कितीही रडलं तरी, आईबापांनी कितीही हात जोडले तरी. हे कोणाचं, त्याला माहीत नव्हतं. पार्कात कोणाकडे असं काही घडल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

कृष्णाबाई पहिल्या डब्यापाशी आली. फडकं पिळलं, आणि सीट सोडून फक्त बाहेरचा पत्रा पुसला.

"कोणाचं गं?" त्याने विचारलं.

"काय ठावं. आता जागा झाली ना." ती पुढच्या डब्याकडे सरकली. "बसू दे."

त्याने बाकीचे पाच बार ओढले. पाचही नवव्या खाचेला गेले. तो केबिनमध्ये गेला. पुस्तिकेतला तक्ता समोरच्या काचेला चिकटवलेला होता, त्याच्याकडे त्याने पाहिलं. मग किल्ली फिरवली आणि वेगाचा दांडा सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवला. सुरवंट चार उंचवट्यांवरून हळूहळू फिरून आला.

फेरी संपली. अंबादासने पेडल दाबलं.

पाच बार उठले. पहिल्या डब्यातला उठला नाही.

पेडल बरोबर होतं, स्प्रिंगही बरोबर होती. अगदी लहान मुलं असं करतात, उतरायचं नसलं की. दोन्ही हातांनी बार घट्ट धरून ठेवतात.

अंबादासने पुन्हा किल्ली फिरवली.